चहाची दुकाने चालवणाऱ्या कंपनीने कचेरीसाठी संगणक कसा निवडला?

१/ पगार, हिशेब आणि मालाच्या नोंदी यांसाठी कोणती संगणकप्रणाली घ्यावी, हा प्रश्न आज लहान कारखानदारालाही पडतो. बाजारात पर्याय शेकडो आणि विक्रेते दारात उभे. पण विकत घेता येईल असा एकही संगणक बाजारात नव्हता, तेव्हा एका कंपनीला हाच प्रश्न पडला होता. ती यंत्रे बनवणारी कंपनी नव्हती. ती चहा, पाव आणि केक विकत असे. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ कंपनीचे नाव जे. लायन्स अँड कंपनी. तिचे पहिले चहागृह १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर उघडले. पुढील काही दशकांत तिच्या चहागृहांचे जाळे ब्रिटनभर पसरले. पश्चिम लंडनमधील हॅमरस्मिथ भागात ‘कॅडबी हॉल’ हे तिचे मुख्यालय होते आणि तिथल्याच प्रचंड भटारखान्यांतून पाव, पाय आणि केक रोज बाहेर पडत.

३/ या धंद्याची मेख अशी, की विक्री अफाट पण प्रत्येक व्यवहार चिमुकला. एक कप चहा आणि एक बन यांच्या बिलात नफा तो किती असणार? तरीही प्रत्येक बिल लिहायचे, बेरजा करायच्या, ताळा पाहायचा. नोंद ठेवण्याचा खर्च थोडा जरी वाढला, तरी नफा कागदांतच विरून जाई. त्यामुळे कारकुनी स्वस्त आणि बिनचूक करणे हा लायन्ससाठी जगण्याचाच प्रश्न होता.

४/ १९२३ साली कंपनीने केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या जॉन सिमन्स या तरुणाला नोकरीस घेतले. त्याच्या पुढाकाराने १९३०च्या दशकात कंपनीत कार्यपद्धतींच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. कचेरीतील प्रत्येक कागदाची झडती घेणे हे त्याचे काम. ही नोंद कोणासाठी? ती वाचून कोण काय ठरवतो? ती ठेवलीच नाही तर काय अडेल? संगणक हा शब्द कचेरीत पोहोचण्यापूर्वीच या प्रश्नांची उत्तरे लायन्सकडे जमू लागली होती.

५/ दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, कंपनीने ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड थॉम्पसन या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेस धाडले. तिथल्या कचेऱ्यांतील नव्या पद्धती पाहून या, ही कामगिरी. त्या कचेऱ्यांनी दोघांची निराशाच केली. लायन्सहून फार पुढचे असे तिथे काही आढळले नाही. मात्र ‘एनियाक’ या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राची वार्ता त्यांच्या कानी आली होती.

६/ ते प्रिन्स्टनला गेले आणि एनियाकच्या उभारणीत सहभागी असलेले गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांना भेटले. तोफगोळ्यांच्या गणितासाठी जन्मलेले यंत्र पावांचा हिशेब करील काय, हा पाहुण्यांचा प्रश्न. गोल्डस्टाइन यांनी त्यात रस तर घेतलाच, शिवाय केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स असेच यंत्र बांधत असल्याचेही सांगितले. लंडनपासून शंभर किलोमीटरच्या आत चाललेल्या कामाचा पत्ता अटलांटिक ओलांडल्यावर लागला!

७/ परतल्यावर दोघांनी संचालक मंडळापुढे अहवाल ठेवला. अमेरिकी यंत्रांची वाट पाहायची, एखाद्या ब्रिटिश विद्युत कंपनीला गळ घालायची, की स्वतःच यंत्र बांधायचे? लायन्सने धीमा पण शहाणा मार्ग धरला. प्रथम केंब्रिजच्या प्रकल्पास काही हजार पौंडांचे साहाय्य दिले आणि अर्नेस्ट लेनार्ट्स हा आपला तंत्रज्ञ तिथे पाठवला. विद्यापीठाचे यंत्र चालले, तरच स्वतःचे यंत्र बांधायचे असे ठरले.

८/ ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचा ‘एड्सॅक’ चालला. लायन्सने जॉन पिंकर्टन या अभियंत्याला आधीच नेमून ठेवले होते. एड्सॅकच्या आराखड्यावर बेतलेल्या यंत्राचे काम कॅडबी हॉलमध्ये वेगाने सुरू झाले. त्याचे नाव ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, संक्षेपाने ‘लिओ’. नावात संगणक नाही, कचेरी आहे. सुमारे ६,००० व्हॉल्व्ह, पाऱ्याच्या नळ्यांतली स्मृती, आणि तिची क्षमता आजच्या मापात जेमतेम चार किलोबाइट.

९/ मात्र विद्यापीठाचे यंत्र जसेच्या तसे उचलून भागणार नव्हते. शास्त्रज्ञ थोडे आकडे देतो आणि त्यांवर प्रदीर्घ गणित करवून घेतो. कचेरीत उलट असते. गणित साधे बेरीज-गुणाकाराचे, पण आकडे हजारो, आणि उत्तरेही हजारो कागदांवर छापून हवीत. म्हणून लिओची स्मृती एड्सॅकच्या दुप्पट केली आणि आकडे आत घेण्याच्या व उत्तरे बाहेर काढण्याच्या वाटा वाढवल्या.

१०/ याच जागी सर्वांत मोठी ठेच लागली. आकड्यांची ने-आण वेगाने व्हावी म्हणून चुंबकीय फितीची यंत्रणा एका बाहेरच्या कंपनीकडून बनवून घेण्याचा घाट घातला गेला. ती अतिशय गुंतागुंतीची ठरली आणि भरवशाची काही होईना. अखेर ती सोडून लायन्सने पंच कार्डे आणि छिद्रे पाडलेल्या कागदी फिती स्वीकारल्या. तंत्र जुने होते, पण काम अडत नव्हते.

११/ पहिले काम कोणते द्यावे? पगाराचे काम सर्वांच्या मनात होते, तरी १९५१ साली लिओवर प्रथम चढवले ते भटारखान्यांच्या उत्पादनाच्या मूल्याचे गणित. काम आटोपशीर होते आणि उत्तर चुकले तरी कोणाच्या घरची चूल अडणार नव्हती. नोव्हेंबर १९५१ पासून ते दर आठवड्याला नियमित होऊ लागले. कंपनीचे नित्याचे कामकाज संगणकाने सांभाळल्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानले जाते.

१२/ पगारपत्रकाचे काम १९५३च्या अखेरीस व १९५४च्या आरंभी मार्गी लागले, तेही कारकुनांच्या हातचा हिशेब आणि यंत्राचा हिशेब काही काळ शेजारी-शेजारी चालवून, ताळमेळ बसल्यावरच. अनुभवी कारकुनाला एका कर्मचाऱ्याचा पगार काढण्यास सुमारे आठ मिनिटे लागत. लिओ तो दीड सेकंदात काढी. मध्येच व्हॉल्व्ह जळाला, तर हिशेब आरंभापासून करावा लागू नये, अशीही सोय आज्ञावलीत होती.

१३/ सर्वांत चतुर योजना चहागृहांची. त्यांची संख्या दीडशेहून अधिक. प्रत्येकाने रोज पूर्ण मागणीपत्र पाठवावे, तर आकड्यांचा डोंगर उभा राही. म्हणून वारानुसार प्रत्येक चहागृहाची ठरीव मागणी यंत्राला देऊन ठेवली. व्यवस्थापिकेने रोज दूरध्वनीवर फरक तेवढा सांगायचा. ऐकणारी कर्मचारी तो लगेच कार्डावर उतरवी. त्यावरून किती माल भाजायचा आणि कुठे किती धाडायचा, हे लिओ सांगे. १९५४ साली सुरू झालेल्या या पद्धतीचे मर्म यंत्राच्या वेगाहून अधिक त्या ‘फरक तेवढा’ या विचारात होते.

१४/ हा विचार करणारी माणसे घरचीच होती. आज्ञावली विभागाचे प्रमुख डेव्हिड कॅमिनर हे त्याच कार्यपद्धती संशोधनातून आलेले. १९५२ साली लिओच्या चमूत आलेल्या मेरी कूम्ब्स व्यापारी संगणकाच्या पहिल्या महिला आज्ञावलीकार मानल्या जातात. त्याही कंपनीअंतर्गत निवड-वर्गातूनच आल्या. आपल्या कचेरीची खाचखळगी ठाऊक असलेल्यांना संगणक शिकवावा, हे लायन्सचे धोरण होते.

१५/ इतर कंपन्याही दारी आल्या. फोर्डच्या कामगारांचा पगार लिओवर निघू लागला. नोव्हेंबर १९५४ मध्ये ‘लिओ कॉम्प्युटर्स’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. पण संगणक वापरणे वेगळे आणि विकणे वेगळे. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपन्यांपुढे टिकण्यास लागणारे भांडवल चहाच्या धंद्यातून निघणे कठीण होते. १९६३ साली लिओ इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाली. पहिला लिओ १९६५ साली बंद झाला आणि १९६८ साली हा सारा व्यवसाय आयसीएल या कंपनीत सामावला.

१६/ मग लायन्सची निवड फसली काय? संगणक-विक्रेता म्हणून ती टिकली नाही, हे खरे. पण निवड झाली होती कचेरीसाठी, आणि तिथे लिओने तेरा-चौदा वर्षे चोख काम केले. आज नवी प्रणाली घेणारा बहुधा किंमत आणि सुविधांच्या यादीपासून आरंभ करतो. लायन्सने आरंभ केला तो स्वतःच्या कागदांपासून, आणि यंत्राची पाळी सुमारे पंधरा वर्षांनी आली. (समाप्त)