घरच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन चालवायचं असेल तर नेमकं काय लागतं?

बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेचं अंतर ६८ किलोमीटर. अंबरनाथहून ६० आणि उल्हासनगरहून ५८. लोकलने एका बाजूला दीड तासाच्या आसपास जातो. नोकरी किंवा क्लास करून रात्री घरी पोहोचणाऱ्या मुलाला कॉलेजच्या लॅबमध्ये थांबून लिनक्स, नेटवर्किंग किंवा सायबर सिक्युरिटीचा सराव करणं जमत नाही. सराव घरीच करावा लागतो. पण घरात कॉम्प्युटर एकच असतो. त्यावरच धाकट्या बहिणीचा अभ्यास, वडिलांच्या दुकानाचा हिशेब आणि वीजबिल भरणं चालतं. त्यातली विंडोज पुसून लिनक्स टाकायची म्हटलं तर घरात भांडण ठरलेलं.

यावर उपाय आहे व्हर्च्युअल मशीन. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पैसे लागतात ते हार्डवेअरला, आणि फसगतही तिथेच होते. काही जण महागडं ग्राफिक कार्ड घेतात आणि रॅम ८ जीबीच ठेवतात. काही जण नवा लॅपटॉप घेतात, जेव्हा जुन्याच मशीनमध्ये एक सेटिंग बदलून काम झालं असतं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला दुसरा कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्यात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बसते. ती खिडकीत उघडते, बंद होते आणि बिघडली तर पुसून टाकता येते. मूळ विंडोजला धक्का लागत नाही. मूळ कॉम्प्युटरला ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि आतल्या मशीनला ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा म्हणतात.

उल्हासनगरकरांना ही कल्पना नवी वाटू नये. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित कुटुंबांची सोय केली गेली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. छप्पर एक, संसार अनेक. व्हर्च्युअल मशीनचंही तसंच आहे. प्रत्येक पाहुण्याचा संसार वेगळा, पण जागा आणि पाणी यजमानाच्याच घरातलं. त्यामुळे पाहुणे किती ठेवायचे हे घराच्या आकारावर ठरतं.

हे तंत्र जुनं आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. घरगुती पीसीवर ते पोहोचलं १९९९ मध्ये, व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे. आज घरी प्रामुख्याने ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स वापरलं जातं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून फुकट आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही येतं, होम आवृत्तीत येत नाही. लिनक्सवर केव्हीएम आहे.

पहिली तपासणी: प्रोसेसर आणि बंद असलेलं सेटिंग

व्हर्च्युअल मशीन नीट चालायला प्रोसेसरमध्येच खास सोय असावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती व्हीटी-एक्स या नावाने २००५ मध्ये आली, तर एएमडीमध्ये एएमडी-व्ही या नावाने २००६ मध्ये. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक घरगुती प्रोसेसरमध्ये ती असते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ आवृत्तीपासून तर ती सक्तीचीच आहे.

मात्र अनेक मशीनमध्ये ही सोय बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. मग व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही, आणि ‘कॉम्प्युटर जुना झाला’ असा समज होतो.

तपासायला एक मिनिट पुरतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा आणि खाली व्हर्च्युअलायझेशनसमोर ‘एनेबल्ड’ लिहिलंय का पाहा. ‘डिसेबल्ड’ असेल तर कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट, एफ-२ किंवा एफ-१० दाबून बायोसमध्ये जा. कळ कंपनीनुसार बदलते. इंटेलमध्ये या सेटिंगचं नाव बहुधा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ असतं, एएमडीमध्ये ‘एसव्हीएम मोड’. ते चालू करून सेव्ह करा.

पुढचा प्रश्न कोअरचा. एका हलक्या पाहुण्यासाठी ४ कोअर पुरतात. दोन-तीन मशीन एकदम चालवायची असतील तर ६ कोअर हवेत. सगळे कोअर पाहुण्याला देऊ नका. ४ कोअरच्या मशीनमध्ये पाहुण्याला २ द्यावेत. सगळे दिले तर यजमानच अडकतो आणि दोन्ही मशीन रखडतात.

सर्वात महत्त्वाची गोष्ट: रॅम

प्रोसेसर पाळीपाळीने वाटून वापरता येतो. रॅमचं तसं नाही. पाहुण्याला ४ जीबी दिली की तो चालू असेपर्यंत ती यजमानासाठी गेलीच असं धरावं. म्हणून सगळा हिशेब रॅमपासून सुरू करायचा.

विंडोज ११ आणि ब्राउझरच्या पाच-सहा टॅब उघड्या असतील तर ४ ते ५ जीबी तिथेच जाते. त्यावर पाहुण्यांची गरज साधारण अशी:

• फक्त कमांड लिहून वापरायचं लिनक्स: १ ते २ जीबी
• काली लिनक्स, डेस्कटॉपसह: किमान २ जीबी, आरामात वापरायला ४ जीबी
• उबुंटू डेस्कटॉप २४.०४: ४ जीबी
• विंडोज ११: किमान ४ जीबी, प्रत्यक्षात ६ ते ८ जीबी

आता बेरीज करा. ८ जीबीच्या मशीनवर कमांडवालं एक लिनक्स निवांत चालतं. उबुंटू डेस्कटॉपही चालतं, पण ब्राउझर बंद ठेवावा लागतो. १६ जीबीमध्ये दोन डेस्कटॉप लिनक्स एकत्र चालतात, किंवा एक विंडोज ११. सायबर सिक्युरिटीच्या सरावासाठी हल्ला करणारं एक मशीन, सर्व्हर म्हणून एक आणि वापरकर्त्याचं एक अशी तीन मशीन लागली तर ३२ जीबीचा विचार करावा.

रॅम कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरू लागतो. तेव्हा माऊस हलवल्यावर बाण दोन सेकंदांनी हलतो. अशा वेळी प्रोसेसर बदलून काही उपयोग नसतो.

रॅम घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. मशीन डीडीआर-४ घेतं की डीडीआर-५, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. मोकळा स्लॉट आहे का. आणि लॅपटॉप असेल तर रॅम बोर्डवर जोडून टाकलेली तर नाही ना. तशी असेल तर वाढवता येत नाही. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. त्यामुळे मित्राने वर्षापूर्वी सांगितलेल्या भावावर बजेट आखू नका.

हार्ड डिस्क की एसएसडी?

एसएसडीच. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या वर आणि एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कितीतरी पट. पण खरा फरक त्याहून मोठा आहे. यजमान आणि पाहुणा दोघंही एकाच वेळी डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले छोटे तुकडे मागतात. तबकडीवरची सुई इकडून तिकडे धावत राहते आणि दोघांनाही उशीर होतो. एसएसडीत सुईच नसते.

जागेचा हिशेबही करा. उबुंटू डेस्कटॉपला २५ जीबी धरावी लागते, विंडोज ११ ला ६४ जीबी. मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद ठेवणारे ‘स्नॅपशॉट’ जागा खातात आणि हळूहळू वाढतात. २५६ जीबीमध्ये एक-दोन लिनक्स बसतात. ५१२ जीबी असेल तर ओढाताण होत नाही.

ग्राफिक कार्ड लागतं का?

लिनक्स, प्रोग्रॅमिंग, नेटवर्किंग आणि डेटाबेसच्या सरावाला नाही. प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरतं. व्हर्च्युअल मशीनला महागडं कार्ड जोडलं तरी आतल्या पाहुण्याला त्याचा पूर्ण फायदा सहज मिळत नाही. त्यासाठी वेगळी आणि किचकट मांडणी करावी लागते. ते पैसे रॅममध्ये घातलेले बरे.

अॅपलचा एम मालिकेतला प्रोसेसर असलेला मॅक असेल तर मात्र जपून. त्याची रचना एआरएम प्रकारची आहे. इंटेल-एएमडीसाठी बनवलेलं विंडोज किंवा काली त्यावर सरळ चालत नाही. त्यांची एआरएम आवृत्ती घ्यावी लागते. अभ्यासक्रमात इंटेलसाठीचं तयार मशीन दिलं असेल तर अडचण येते.

सेकंडहँड मशीन घेताना

कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप दुरुस्त करून विकले जातात. कमी बजेटमध्ये हा पर्याय चांगला ठरू शकतो. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर पाहावेत. त्या पिढीतल्या आय-५ ८५०० मध्ये ६ कोअर आहेत, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इथूनच चालतं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्याने हा मुद्दा आता महत्त्वाचा आहे. चौथ्या पिढीचा आय-७ स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. तो जुनी डीडीआर-३ रॅम घेतो आणि विंडोज ११ च्या यादीत नाही.

दुकानातच मशीन सुरू करायला लावा आणि बायोस उघडून पाहा. कंपनीच्या मशीनवर कधी कधी बायोसचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो माहीत नसेल तर व्हर्च्युअलायझेशन चालू करता येत नाही, आणि मशीन कितीही तगडं असलं तरी या कामाला निरुपयोगी ठरतं.

वीज, उकाडा आणि पाऊस

व्हर्च्युअल मशीन म्हणजे डिस्कवरची एक मोठी फाइल. लिहिणं चालू असताना वीज गेली तर ती फाइल बिघडू शकते आणि महिन्याभराचा सराव जाऊ शकतो. डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्यावा. काम पुढे चालवायला नाही, तर मशीन ‘सेव्ह’ करून नीट बंद करायला दहा मिनिटं मिळावीत म्हणून. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर यूपीएसची गरज नाही.

बिलाचा हिशेब सोपा आहे. १०० वॅट खेचणारा डेस्कटॉप रोज ६ तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. ४० वॅटचा लॅपटॉप सुमारे ७ युनिट घेतो. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटनंतर चढतो, हे लक्षात घ्यावं.

एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोलीत प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका आणि पंख्यातली धूळ अधूनमधून काढा.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ चे पूर इथे कोणी विसरलेलं नाही. २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पाण्याने बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. व्हर्च्युअल मशीनचा एक फायदा असा की अख्खं मशीन ‘एक्स्पोर्ट’ करून एका फाइलमध्ये बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतं. पावसाळ्याआधी तेवढं करून ती डिस्क माळ्यावर ठेवा.

खर्च करण्याआधी

फक्त लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल २ पुरतं. ते होम आवृत्तीतही चालतं आणि वेगळं मशीन उभारावं लागत नाही.

व्हर्च्युअल मशीनच हवं असेल तर क्रम असा ठेवा. आधी बायोसमधलं सेटिंग चालू करा, त्याला पैसे लागत नाहीत. मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. त्यानंतर रॅम १६ जीबी करा. एवढं करूनही काम अडत असेल तरच नव्या मशीनचा विचार करा. अनेक घरांत तिसऱ्या पायरीपर्यंतच काम भागतं.