घूर्णन अक्ष (सीएनसी यंत्रे)

घूर्णन अक्ष म्हणजे संगणकीय अंकीय नियंत्रण (सीएनसी) असलेल्या यंत्रातील असा अक्ष, ज्याभोवती कार्यवस्तू (जॉब) किंवा हत्यार नियंत्रित कोनातून फिरवले जाते. रेषीय अक्षांचे स्थान मिलिमीटरमध्ये, तर घूर्णन अक्षांचे स्थान अंशांमध्ये दिले जाते.

नामकरण

आयएसओ ८४१ या मानकानुसार एक्स, वाय आणि झेड या रेषीय अक्षांभोवतीच्या घूर्णनास अनुक्रमे ए, बी आणि सी अक्ष म्हणतात. धन दिशा उजव्या हाताच्या नियमाने ठरते : अंगठा रेषीय अक्षाच्या धन दिशेकडे ठेवल्यास वळलेली बोटे घूर्णनाची धन दिशा दाखवतात. हा नियम कार्यवस्तूच्या सापेक्ष हत्याराच्या गतीला लागू होतो. त्यामुळे टेबल फिरत असल्यास त्याचे प्रत्यक्ष फिरणे उलट दिशेने दिसते.

लेथवरील सी अक्ष

लेथचे स्पिंडल झेड अक्षाभोवती फिरते. नेहमीच्या टर्निंगमध्ये त्याचा केवळ वेग नियंत्रित केला जातो. सी अक्ष कार्यान्वित केल्यावर मात्र त्याचा कोनही नियंत्रित होतो. टरेटवर स्वतः फिरणारी हत्यारे (लाइव्ह टूल) असल्यास फ्लँजवर दर ६० अंशांवर एक अशी सहा छिद्रे, चावीचे गाळे किंवा षट्कोनी माथे त्याच बांधणीत करता येतात. जॉब दुसऱ्या यंत्रावर पुन्हा बांधावा लागत नसल्याने बांधणीतील चूक टळते.

मिलिंग यंत्रावरील घूर्णन अक्ष

तीन अक्षांच्या मिलिंग यंत्रावर रोटरी टेबल बसवल्यास चौथा अक्ष मिळतो. पाच अक्षांच्या यंत्रात दोन घूर्णन अक्ष असतात. ते दोन्ही टेबलात, दोन्ही स्पिंडलच्या माथ्यात किंवा विभागून असू शकतात. वापराचे मुख्य प्रकार दोन आहेत :

• स्थाननिश्चिती : अक्ष ठरावीक कोनात फिरवून ब्रेकने घट्ट धरला जातो व नंतर कर्तन होते.
• समकालिक कर्तन : रेषीय व घूर्णन अक्ष एकाच वेळी चालतात. टर्बाइनची पाती व इंपेलर यांसाठी ही पद्धत वापरतात.

हत्याराचा अक्ष सी अक्षाला जवळजवळ समांतर झाल्यास दिशेतील अल्प बदलासाठीही सी अक्षाला मोठ्या कोनातून वेगाने फिरावे लागते. या स्थितीला एकलता म्हणतात.

चालन यंत्रणा

अनेक रोटरी टेबलांत सर्वो मोटर वर्म गिअरमार्फत टेबल फिरवते. ९०:१ गुणोत्तर असल्यास वर्मच्या एका फेऱ्यात टेबल ४ अंश फिरते. दात झिजल्यावर दिशा बदलताना बॅकलॅश जाणवतो. थेट चालनाच्या टॉर्क मोटरमध्ये गिअर नसल्याने तो उद्भवत नाही.

सरकवेग

केवळ घूर्णन अक्ष चालत असताना बहुतांश नियंत्रक सरकवेगाचा आकडा अंश प्रतिमिनिट असा घेतात. ३६० अंश प्रतिमिनिट या वेगाने ५० मिमी त्रिज्येवर प्रत्यक्ष कर्तनवेग सुमारे ३१४ मिमी प्रतिमिनिट, तर १० मिमी त्रिज्येवर सुमारे ६३ मिमी प्रतिमिनिट असतो. त्रिज्येचा विचार न केल्यास मोठ्या व्यासावर हत्यार तुटू शकते. यावर उपाय म्हणून जी९३ हा व्यस्त-काल सरकवेग वापरतात. त्यात आकडा हालचालीस लागणाऱ्या मिनिटांचा व्यस्त असतो. अर्ध्या मिनिटाच्या हालचालीसाठी तो २ येतो.

अचूकता

कोनातील चुकीचा परिणाम त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. ०.००१ अंशाच्या चुकीमुळे १०० मिमी त्रिज्येवर सुमारे १.७ मायक्रोमीटर, तर ३०० मिमी त्रिज्येवर सुमारे ५.२ मायक्रोमीटर विचलन होते. घूर्णनकेंद्राचे स्थान चुकीचे नोंदवल्यास अक्ष अचूक फिरूनही प्रत्येक कोनातील पृष्ठभाग सरकलेला येतो. म्हणून हे केंद्र वेळोवेळी डायल गेज किंवा प्रोबने तपासतात.