माजघरातली पायली

आजोळच्या माजघरात, जात्याशेजारच्या कोनाड्यात, निळव्यापासून पायलीपर्यंतची जी मापे एकात एक ठेवलेली असत, त्यांच्याशी खेळता खेळता दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे गणित पाटीपूर्वीच माझ्या हातांना अवगत झाले. म्हणूनच पुढे जुन्या दप्तरांतील धान्यवसुलीचे मोडी कागद वाचताना खंडी, मण हे शब्द मला परके वाटले नाहीत. मात्र एका परगण्याची पायली दुसऱ्या परगण्याच्या पायलीशी जुळत नसे, हे तेथेच उमगले, आणि रयतेचे धान्य नेमक्या कोणत्या मापाने मोजले गेले, हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, ती न्याय्यच होती. तरी बलुतेदाराच्या पदरात जोंधळे घालताना आजीने मापावर चढवलेली, हाताने कधीही सपाट न केलेली शीग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.