भोक आधी, कुसू मागून

पायाखाली भुसा कमी, कपच्याच जास्त. अनवाणी आहात, त्यामुळे हे आधी तळव्यांना कळतं. इथे लाकूड करवतीपेक्षा वाकसाने जास्त तासलं जातं. डोळे सावलीला सरावले की वाकसही दिसतो, ओंडक्यात रुतवून ठेवलेला. दांडा लाकडाचा, पातं काशाचं, दोन्ही चामड्याच्या वादीने करकचून बांधलेली. मागे चुलीवर कुणीतरी सरस कढवतंय. जुन्या सुताराच्या दुकानात यायचा तोच कातड्याहाडांचा उग्र वास, नाक मुरडायला लावणारा.

इसवी सनापूर्वी १४५० च्या आसपासचा काळ. गाव वासेत, म्हणजे इजिप्तमधलं आजचं लक्झर. आमोन देवाच्या देवस्थानाचे कारखाने आहेत, त्यांतला हा सुतारांचा. देखरेख वजीर रेखमिरेची. या गृहस्थाने पुढे स्वतःच्या थडग्याच्या भिंतीवर हे कारखाने रंगवून घेतले. करवतवाला, सरसवाला, भोकं पाडणारे, सगळे त्या चित्रात आहेत. ओंडक्यात रुतलेला वाकससुद्धा चित्रकाराने सोडलेला नाही. भाषा कशी कळते ते विचारू नका. साडेतीन हजार वर्षं मागे आलात, तेवढी सोय धरून चाला.

आलात ते एका स्टुलापायी. घरी हौसेने केलेलं, चार पायांना आठ स्क्रू आणि सांडेपर्यंत गोंद. दुसऱ्या पावसाळ्यात ते डुगडुगायला लागलं. आता ते गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवतात, कारण कुंडी तक्रार करत नाही.

कारखान्यातला म्हातारा तुमचे हात उलटेसुलटे करून बघतो आणि एक तुकडा समोर टाकतो. लालसर, जड, गाठीगाठींचा. तुम्ही वास घेता. बाभूळ! आपल्याकडे नांगराला आणि बैलगाडीच्या चाकाला वापरतात तीच. जात एकच, शास्त्रीय नावातच नाईल नदी आहे, निलोटिका. कोपऱ्यातल्या फिक्या, हलक्या फळ्या उंबराच्या चुलतभावाच्या. सांध्यातल्या खुंट्यांसाठी बोरीच्या बहिणीचं लाकूड, चिवट. भिंतीशी कापडाखाली झाकलेली सरळसोट फळी मात्र परदेशी. लेबनॉनहून गलबतातून आलेला देवदाराच्या कुळातला सीडर. त्याला हात लावायचा नाही, हे न सांगता कळतं.

गंमत अशी, की इतके नामी सांधे ज्यांनी घडवले त्यांच्या देशात धड लाकूडच नव्हतं. कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जाईल. दोन हात रुंद सागाची फळी दारात मिळत असती तर या लोकांनी इतकी डोकेफोड केली असती का, मला शंका आहे. बाभळीतून निघणार आखूड, वाकडे तुकडे. ते जोडतच न्यायचे, आणि जोड असा हवा की दोन तुकडे आहेत याचा लाकडालाही विसर पडावा. खुर्चीची पाठ आणि बैठक यांच्या कोनातला आधार तर हे लोक कापून वळवतही नाहीत. मुळातच तशी वळलेली फांदी शोधतात, म्हणजे लाकडाच्या तंतूंची रेषा वळणाबरोबर वळते आणि तिथे लाकूड मोडत नाही. आपण फांदी वाकडी म्हणून सरपणात टाकली असती.

“पाय करायचाय,” म्हातारा म्हणतो. “भोक आधी. कुसू मागून.”

कुसू म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ, ती पायातल्या भोकात शिरते. तुम्हाला उलट वाटतं. आधी जीभ काढावी आणि तिच्या मापाने भोक पाडावं. म्हातारा मान हलवतो. भोकाची रुंदी पटाशी ठरवते, आणि पटाशी बदलत नाही. कुसू मात्र चढत नसेल तर केसभर तासता येतो. जे बदलता येत नाही ते आधी करून मोकळं व्हायचं.

मापाला हातभर लांब लाकडी पट्टी आहे. शाही हात २८ बोटांचा, साधारण ५२ सेंटीमीटर. साधा हात २४ बोटांचा, आपल्या जुन्या हाताएवढाच बोटांचा. पण म्हातारा पट्टी पहिल्या मापापुरतीच वापरतो. नंतर आडवी पट्टी पायावर ठेवून टोकदार काशाने तिच्या कडेनेच ओरखडा ओढतो. आकड्यात चूक होते, ओरखड्यात होत नाही. मग गुण्या लावून ती रेघ पायाच्या बाजूंवरून फिरवतो.

आता पटाशी, अरुंद पण पाठीला जाड. मोगरी बाभळीचीच. तुम्ही थेट रेघेवर पटाशी ठेवता आणि हाणता. म्हातारा “हं” म्हणतो, फक्त तेवढंच, आणि पाय तुमच्या हातातून काढून घेतो. पटाशीचं पातं पाचरीसारखं असतं. घाव घातला की ते एकीकडे सरकतं आणि पहिल्याच घावाला रेघेच्या बाहेर जातं. तुमच्या पायावर तेच झालंय. भोकाचं तोंड अर्ध्या तांदळाएवढं फाकलंय.

दुसरा पाय मिळतो. आता मधून सुरुवात. एक उभा घाव, थोडं पुढे सरकून दुसरा, मग पटाशी तिरकी करून ढलपी उचकटायची. ढलपी तुटून येते, आत लाकूड ओलसर लाल दिसतं. पुन्हा. मध्ये खड्डा झाला की दोन्हीकडून रेघेकडे सरकायचं, पण रेघेला हात लावायचा तो अगदी शेवटी, तळ गाठल्यावर. काही घाव रेषेच्या आडवे जातात, तिथे पटाशी सहज तोडते. जिथे ती रेषेच्या बाजूने जाते तिथे लाकूड फाटायला बघतं, तिथे मोगरी बाजूला ठेवून हाताच्या दाबानेच सोलायचं. काशाची धार लवकर बसते, दर काही घावांनी दगडावर तेल टाकून ती पाजळावी लागते. घाई करणारा इथे टिकतच नाही. हत्यारच घाई करू देत नाही.

मोगरी एका लयीत पडायला लागली की माणूस जागेवर राहत नाही. तुम्ही आणखी बाराशे वर्षं मागे घसरता, सक्काराला, जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालच्या अंधारात. पांढऱ्या दगडाच्या पेटीत एक लाकडी शवपेटी आहे. कडेने तिचे थर मोजता येतात, सहा. एकेक जेमतेम ४ मिलिमीटरचा, आणि लगतच्या दोन थरांची रेषा एकमेकींच्या आडवी. थर पुरेसे रुंद नव्हते म्हणून तेही तुकडे जोडूनच केलेले, सगळं खुंट्यांनी ठोकलेलं. म्हणजे प्लायवूड! आपण ते कालचं समजतो. लाकूड रेषेच्या आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत मात्र जवळपास नाही, हे ज्याला कळलं त्यालाच थर आलटून पालटून ठेवणं सुचतं.

तुमचं स्टूल इथेच फसलं होतं. बैठकीची फळी पावसाळ्यात फुगली, उन्हाळ्यात आकसली, आणि स्क्रूने तिला हलूच दिलं नाही. मग तिने स्क्रूची भोकं मोठी करून घेतली.

परतताना एक क्षण १९२५ मध्ये थांबता. गिझा, कुफू राजाच्या आईचं, हेतेफेरेसचं भूमिगत दालन. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज रायस्नरच्या मोहिमेतली माणसं पोटावर झोपून चिमट्याने काम करतायत, कारण समोर फर्निचर नाही, फर्निचरची राख आहे. साडेचार हजार वर्षांत लाकूड आकसून भुगा झालंय. उरलाय तो वरचा सोन्याचा पत्रा. कुठला पत्रा कुठे, कसा पडलाय याच्या नोंदी करत त्यांनी खुर्ची आणि पलंग पुन्हा उभे केले. पलंगावरचा मांडव तर गरजेप्रमाणे सुटा करून नेता येईल असा होता, खांबांच्या टोकांना तांबं मढवलेलं. राणीसाहेब प्रवासाला निघाल्या की सुतार तो उतरवत असणार आणि मुक्कामी उभा करत असणार. रोज सोडायचा-जोडायचा सांधा सैल होऊन चालत नाही, आणि घट्ट होऊनही.

वासेतमध्ये संध्याकाळ होत आलीय. भाकरी आणि जवाची बिअर आली आहे, मजुरी याच मापात मिळते. शेजारी एक जण फळी उभ्या खांबाला बांधून वरून खाली कापतोय. करवत आपल्याकडे ओढताना कापते, ढकलताना नाही. कापलेली फट मिटून पातं अडकू नये म्हणून तिच्यात पाचर घातलीय.

तुम्ही कुसू तासता. पट्टीच्या जाडीचा मधला तिसरा हिस्सा ठेवून दोन्ही बाजू उतरवता. पहिल्यांदा चढत नाही. कुठे अडतो ते बघायला म्हातारा तो भोकात घासून काढतो आणि उन्हात धरतो. जिथे दाबला गेलाय तिथे लाकूड चकचकतं. तेवढंच तासायचं, बाकीला हात नाही. रंधा नावाची चीज इथे अजून कुणाला माहीत नाही. वाकस, पटाशी, आणि शेवटी वालुकाश्माचा दगड.

चौथ्या खेपेला कुसू हाताच्या दाबाने निम्मा जातो. उरलेल्यासाठी मोगरी. आवाज बदलत जातो, आधी पोकळ, मग भरीव, आणि शेवटच्या टोल्याला सगळं एकाच लाकडाचं असल्यासारखा.

आता खुंटीचं भोक. म्हातारा जे हत्यार काढतो ते बघून तुम्हाला हसू येतं. सामता! धनुष्याची दोरी दांड्याला एक वेढा, पुढे-मागे ओढलं की दांडा गरगर फिरतो. वरून दाबायला दूम ताडाच्या फळाच्या कवचाची वाटी, नारळाच्या करवंटीसारखी. तुमच्या आजोळच्या सुताराकडे हाच होता. तुम्हाला तो तेव्हा कुणी धरू दिला नव्हता. आता धरता. पहिल्या झटक्याला दोरी निसटते, दुसऱ्याला दांडा आडवा होतो, तिसऱ्याला बारीक भुकटी वर येते. सांध्यातून आरपार भोक, त्यात बोरीच्या बहिणीची खुंटी, थोडा सरस, दोन टोले, आणि वर आलेलं डोकं पटाशीने छाटून सपाट.

म्हातारा पट्टीला धरून पाय लोंबकळवतो, हलवून बघतो, कानाशी नेतो. तुम्ही श्वास धरून उभे.

“हा झाला,” तो म्हणतो. “आणखी तीन आण.”

आणि सकाळी बिघडवलेला, फाकलेल्या तोंडाचा तो पाय सरसाच्या भांड्याखाली सारतो. बाभूळ आहे, जळते चांगली.