दिनविशेष : ४ फेब्रुवारी
१६७० : तानाजी मालुसरे पडले, पण कोंढाणा स्वराज्यात आला. मराठा लाइट इन्फंट्री हाच दिवस रेजिमेंटचा दिन म्हणून पाळते. केंद्र बेळगावला, नांदेड-लातूरकडची पोरंही तिथल्या गणवेशात दिसतात. गंमत अशी, की रेजिमेंटची सर्वांत जुनी ‘जंगी पलटण’ उभी राहिली १७६८ मध्ये, कोंढाण्यानंतर ९८ वर्षांनी; तीही ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत! वारसा मात्र मावळ्यांचाच निवडला. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत शिवाजी महाराजांचा जयघोष घुमला, तो आजही या रेजिमेंटची रणगर्जना आहे. लातूरकरांनी आदली तारीखही लक्षात ठेवावी : ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि तहात दौलताबादचा किल्ला मिळवला.