दोनशेते

आमच्या गावच्या घरी लोखंडी पेटीत एक कागद होता. मोडीतला, फसली १३३० चा, म्हणजे १९२०-२१ चा. पैठण तालुका तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पणजोबांनी सावकाराला लिहून दिलेला हा कागद. त्यावरून आम्ही आणि चुलत आजोबांचं घर दोन पिढ्या एकमेकांच्या दारात गेलो नाही. त्यांच्याकडच्या कुणीतरी तो कधीकाळी वाचला होता आणि सांगितलं होतं की, तुमच्या पणजोबांनी आमच्या वाट्याची दोन शेतं सावकाराच्या घशात घातली.

मागच्या वर्षी मी तो कागद संभाजीनगरला आणला आणि मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त सरांकडे घेऊन गेलो. वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. त्यामुळे ओळीची सुरुवातच नव्हती. सर भिंग धरून वाचत होते आणि एका ठिकाणी थांबले. त्यांनी माझ्या वहीत बाळबोधीत उतरवून दिलं : दोनशेतेव्याजासुद्धादेऊ.

"आता तूच वाच," ते म्हणाले.

मी वाचलं : दोन शेते व्याजासुद्धा देऊ. सर म्हणाले, "असंही वाच. दोनशे, ते व्याजासुद्धा देऊ."

व्याजासुद्धा म्हणजे व्याजासकट. एका वाचनात जमीन जाते, दुसऱ्यात फक्त कर्ज होतं. अक्षर एकही बदललेलं नाही. बदलली ती मधली जागा.

मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. कारण त्याच महिन्यात ऑफिसात मी हाच घोळ घालून बसलो होतो. एका ॲपमध्ये ग्राहकांचे पत्ते ॲरेमध्ये येत होते. ॲरे म्हणजे सुट्या तुकड्यांची रांग. डेटाबेसमध्ये एकच रकाना रिकामा होता, म्हणून मी ते जॉइन करून एका सलग स्ट्रिंगमध्ये टाकले. मध्ये काय घालायचं हे सांगितलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर जॉइन आपणहून स्वल्पविराम घालतं. १९९७ मध्ये त्या भाषेचं पहिलं प्रमाण ठरलं, तेव्हापासून हेच आहे. पण 'घर नं. ४, गारखेडा' या पत्त्याच्या पोटातच स्वल्पविराम होता. नंतर दुसऱ्या कुणीतरी ती स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली आणि एका माणसाची दोन घरं झाली. रिकामा तुकडा असेल तर आणखी गंमत. जॉइन त्याच्या जागी काहीच लिहीत नाही, नुसते दोन स्वल्पविराम शेजारी उभे राहतात. तिथे काही नव्हतं की असलेलं हरवलं, हे नंतर कळायला मार्ग नाही.

म्हणजे जोडणं सोपं आहे. जोडणाऱ्याला तुकडे ठाऊक असतात, त्याला सेपरेटरची गरजच वाटत नाही. गरज असते ती तोडणाऱ्याला, आणि तो त्या वेळी तिथे नसतो.

मोडीचंही असंच आहे. या लिपीचं श्रेय परंपरा हेमाद्रीपंताला देते. तो देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, आणि देवगिरी म्हणजे आमच्या शहराबाहेरचा दौलताबादचा किल्ला. मोडी ही दफ्तराची, वेगाची लिपी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रिकाम्या सेपरेटरने केलेलं जॉइन. कारकुनाला ते चालायचं, कारण वाचणारा शेजारच्याच गादीवर बसलेला दुसरा कारकून असायचा. विषय तोच, साचा तोच, शब्द तेच.

जुन्या बाळबोध पोथ्यांतही शब्द सलगच असत, फार तर दंड यायचे. लॅटिनही कित्येक शतकं अशीच सलग लिहिली गेली. तिच्यात शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली ती सातव्या शतकाच्या आसपास आयर्लंडमधल्या भिक्षूंनी. लॅटिन त्यांची मायबोली नव्हती. कानाला आपोआप न तुटणारे शब्द त्यांना डोळ्यांनी तोडावे लागत होते. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह रुजवण्याचं मोठं काम केलं मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती ज्याच्या मदतीने निघाली, तोच हा कँडी. १८५० च्या सुमारास त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली. दोन्हीकडे खुणा आणल्या त्या बाहेरून आलेल्या वाचकाने. घरातल्याला त्या लागत नव्हत्या.

संगणकवाल्यांना हा प्रश्न माहीत नव्हता असं नाही. ॲस्कीच्या तक्त्यात २८ ते ३१ हे चार आकडे केवळ सेपरेटरसाठी राखून ठेवलेले आहेत : फाइल, गट, नोंद आणि घटक वेगळे करायला. मजकुरात ते कधी येत नाहीत, म्हणजे गोंधळच नको. पण ते कीबोर्डवर नाहीत आणि डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून रोजच्या कामात फारसं कुणी त्यांना हात लावत नाही. आपण स्वल्पविरामच वापरत राहिलो. मग २००५ मध्ये सीएसव्ही फाइलींसाठी नियम लिहून काढावा लागला, की तुकड्याच्या पोटात स्वल्पविराम असेल तर त्या तुकड्याला अवतरणचिन्हांत घाला.

मोडीवाल्यांनीही स्वतःपुरता उपाय केला होता. हुंडीत रक्कम लिहिली की तिचं 'निमे', म्हणजे अर्धं, किती तेही लिहायचं आणि त्याची दुप्पट ती पूर्ण रक्कम असं सांगायचं. कुणी आकड्यात खाडाखोड केली तर निम्म्याशी मेळ बसणार नाही. आज आम्ही याला चेकसम म्हणतो.

सर कागदावर खाली खाली जात होते. तीन ओळी सोडून त्यांचं बोट थांबलं. "हे बघ. निमे शंभर."

शेताचं निमे शंभर होत नाही. दोनशेचं होतं. पणजोबांनी दोनशे हाली रुपये कर्ज घेतलं होतं. या कागदावर तरी त्यांनी कुणाच्याही वाट्याचं शेत लिहून दिलेलं नव्हतं. पुढे ती दोन शेतं गेली हे खरं, पण कशी गेली ते या कागदात नाही.

मी सगळा मजकूर बाळबोधीत टाइप केला. जागा सोडून, स्वल्पविराम घालून, वाळवीने खाल्लेल्या ठिकाणी कंस टाकून. प्रिंट घेतली आणि चुलत काकांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. काकूंनी पाणी दिलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग 'दोनशे'नंतरच्या स्वल्पविरामावर नख ठेवलं.

"हे त्यांनी लिहिलंय, का तू टाकलंय?"

"मी टाकलंय, काका," मी म्हणालो, आणि मूळ कागद पिशवीतून काढून 'निमे शंभर'ची ओळ त्यांच्यासमोर धरली.

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. त्यांना मोडी येत नाही, मलाही येत नाही. मग त्यांनी आत वळून चहा टाकायला सांगितलं.