अर्नशॉचं 'नाही' आणि आमची तरंगती गोळी

आज गोष्ट हवेत तरंगणाऱ्या लोखंडाची. सुरुवात माझ्याच फजितीपासून.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आम्ही इलेक्ट्रोमॅग्नेटखाली पोलादी गोळी तरंगवली होती. १० मिलीमीटरवर मस्त थांबायची. परीक्षक म्हणाले, "जरा खाली आणून दाखवा." आणायला गेलो, आणि गोळी टणकन टेबलावर!

असं का झालं? त्यासाठी आधी १८४२ मध्ये जाऊ. सॅम्युएल अर्नशॉ हा इंग्रज पाद्री आणि गणितज्ञ. तेव्हा मानत, की प्रकाश 'ईथर'मधून प्रवास करतो. त्या ईथरच्या कणांचा विचार करताना त्याने सिद्ध केलं, की अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणारी बलं कुठल्याही कणाला स्थिर तोलून धरू शकत नाहीत. आमच्या गोळीचीही तीच गत. जवळ गेली की चुंबक आणखी ओढतो, लांब गेली की ओढ कमी पडते.

पण या 'नाही'ला एक अट आहे: मध्ये कुणी हात घालायचा नाही. जर्मन इंजिनिअर हेरमान केंपरने १९३४ मध्ये चुंबकांवर तरंगणाऱ्या, बिनचाकी गाडीचं पेटंट मिळवलं. अशा तरंगण्यामागची युक्ती म्हणजे अंतर सतत मोजा, करंट सतत बदला. तळहातावर काठी उभी धरताना आपणही हेच करतो ना!

मग आमची गोळी का पडली? कारण करंट तोच ठेवून अंतर दुप्पट केलं, की ओढ साधारण पाव उरते. हा आलेख वक्र आहे. आम्ही त्याचा १० मिलीमीटरजवळचा तुकडा सरळ रेषा समजून कंट्रोलर बांधला होता. तिथून हललो आणि हिशेब फसला.

१९८० च्या दशकात फीडबॅक लिनिअरायझेशनची पद्धत बहरली. किती ओढ हवी ते आधी ठरवा. मग त्या क्षणाच्या अंतराला किती करंट लागेल, ते सूत्र उलटं फिरवून काढा. वक्रपणा कोडमध्येच निघून जातो! अर्थात, सूत्रातले आकडे चुकले तर गडबड होतेच. शिवाय असा चुंबक लोखंडाला फक्त ओढतो, ढकलू शकत नाही.

शांघायची मॅग्लेव्ह २००४ पासून प्रवासी नेते, जेमतेम १० मिलीमीटरच्या फटीवर तरंगत. अर्नशॉ चुकला नव्हता. त्याची अट आपण पाळली नाही, एवढंच.

तर मंडळी, कुणी "हे अशक्य आहे" म्हणालं, तर आधी विचारा: कुठल्या अटीवर? भेटू पुढच्या भागात!